आखरावरची दिवाळी

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकात दरवर्षी दिवाळीच्या आठवड्यात सणाच्या प्रत्येक दिवसाची माहिती चौकटीत छापली जाते आणि यंदाही ती आली. तिच्यात चूक काही नव्हती. वसुबारसेला गाय-वासराची पूजा, धनत्रयोदशीला धन्वंतरी आणि यमदीपदान, नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान व पायाच्या अंगठ्याने फोडायचे कारीट, अमावास्येला लक्ष्मीपूजन, पाडव्याला पत्नीने पतीला ओवाळणे आणि व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या, शेवटी भाऊबीज, असा तो क्रम होता. परंतु भंडारा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या धानाच्या मुलखातला वाचक या चौकटींत स्वतःची दिवाळी शोधू लागला, तर ती त्याला सापडत नाही. वसुबारसेला बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करावी असे आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. आमच्या शिवारात बाजरी पिकतच नाही. पाडव्याच्या दिवशी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, गावोगाव जे गायगोधन होते, ज्याच्यासाठी नागपूर-पुण्याकडे नोकरीला गेलेली मुले रजा काढून घरी येतात, त्याचा मात्र त्या चौकटीत एका शब्दानेही उल्लेख नव्हता. हे पत्र त्यासाठी लिहीत आहे.

ज्यांनी गायगोधन पाहिले नाही अशा वाचकांसाठी ते आमच्या गावी कसे होते ते आधी सांगतो. लक्ष्मीपूजनाची रात्र सरते न सरते तोच गाईंच्या कोठ्यात लगबग सुरू होते. गाईंना तलावावर नेऊन धुतात, शिंगे रंगवतात, पाठीवर गेरूचे आणि चुन्याचे हाताचे ठसे उमटवतात, गळ्यात झेंडूच्या माळा बांधतात. चुलीवर नव्या तांदळाची खिचडी शिजते आणि ती आधी गाईला चारल्याशिवाय घरात कोणी तोंडात घास घेत नाही. या सुमारास लवकर पिकणारे हलके धान कापून बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, त्याचा कडपा (वाळायला पसरलेले कापलेले धान) पडलेला असतो, जड धान अजून उभे असते. ज्याच्या घरी नवा दाणा आलेला नसेल तो शेजाऱ्याकडून ओंजळभर तांदूळ मागून आणतो, कारण त्या दिवशीची खिचडी नव्याचीच असावी लागते. माझी आई तर आजाऱ्याच्या पथ्यासाठीसुद्धा त्या सकाळी वेगळी चूल पेटवू देत नसे.

दुपार कलली की गुरे राखणाऱ्या गोवारी समाजाची माणसे आपली ढाल घेऊन निघतात. ही ढाल लढाईतली नव्हे. उंच बांबूला वस्त्रे गुंडाळून आणि वर मोरपिसांचे तुरे लावून ती सजवलेली असते, आणि गोवारी बांधव तिला देवाचे रूप मानून पूजतात. डफड्याच्या तालावर ती दारोदार फिरते, प्रत्येक दारात घरची बाई तिला ओवाळते, सुपातले धान ओटीत घालते, आणि वर्षभर ज्याने आपली गाय रानात नेऊन सांजेला सुखरूप परत आणली त्याच्या पाया पडते. एरवी ज्याला कोणी ओट्यावर बस म्हणत नाही, त्या माणसाला त्या दिवशी गावातली मोठमोठी घरेसुद्धा पाट मांडतात. मला लहानपणी सणातले सर्वांत जास्त आकर्षण फटाक्यांचे नव्हते, या पाटाचे होते. आमच्या ढोरांमागे फिरणारा म्हातारा गायकी माझ्या आजोबांच्या शेजारी बसून जेवायचा आणि आजोबा त्याला आग्रह करून वाढायचे, हे वर्षातून एकदाच दिसे.

मग सारे गाव आखरावर जाते. आखर म्हणजे गावाला लागून असलेली ती मोकळी जागा, जिथे रोज सकाळी घराघरांतली ढोरे गोळा होतात आणि जिथून गायकी त्यांना चराईला नेतो. तिथे शेणाचा गोवर्धन रचलेला असतो आणि त्यावर धानाच्या लोंब्या व झेंडूची फुले खोवलेली असतात. डफडी वाजवत, आरोळ्या देत गाईंना त्यावरून नेले जाते. गाईंच्या खुरांखाली तुडवलेले ते शेण लोक उचलतात, एकमेकांच्या कपाळाला लावून गळाभेट घेतात, आणि चिमूटभर घरी नेऊन धानाच्या ढोलीत टाकतात. मोहाडी तालुक्यातील जांभोरा येथे तर गोवारी बांधव जमिनीवर पालथे पडतात आणि गाईंचा कळप त्यांच्या अंगावरून जातो. वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर आमच्या गायगोधनाचे जे काही येते ते बहुतेक या एकाच दृश्याचे, आणि तेही अंगावर काटा आणणारी प्रथा म्हणून. कोणाच्याही जिवाला धोका होईल अशा प्रकाराचा आग्रह मी धरणार नाही. पण त्या एका छायाचित्राखाली संपूर्ण सण झाकला जातो, याचे मला वाईट वाटते.

या दिवसाची कथा भागवताच्या दहाव्या स्कंधात, चोविसाव्या आणि पंचविसाव्या अध्यायांत आहे. करंगळीवर पर्वत उचलणारा कृष्ण सर्वांना ठाऊक असतो, पण त्याआधीचा संवाद सहसा कोणी सांगत नाही आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. व्रजातले गोप इंद्रासाठी यज्ञाची तयारी करीत असतात आणि बाळकृष्ण नंदाला विचारतो की हे आपण कशासाठी करतो. पाऊस इंद्र देतो आणि पिढ्यान्पिढ्या चालत आलेला हा धर्म आहे, असे नंद सांगतो. त्यावर कृष्ण म्हणतो की आपल्याला ना नगरे आहेत ना जनपदे, ना गावे ना घरे. आपण वनात आणि डोंगरात राहणारी माणसे आहोत, तेव्हा जमवलेल्या या साहित्यातच गाईंचा, ब्राह्मणांचा आणि या डोंगराचा यज्ञ करावा. पुढे तो काय शिजवावे तेही सांगतो, आणि कुत्र्यांपासून समाजाने दूर लोटलेल्या माणसांपर्यंत सर्वांना यथायोग्य अन्न द्यावे, गाईंना चारा घालावा, मग डोंगराला नैवेद्य दाखवावा, असा क्रम लावून देतो. हरिवंशातही ही कथा येते आणि तिथे तिला पाऊस ओसरल्यानंतरच्या शरद ऋतूच्या वर्णनाची जोड आहे. आमच्या गावातला गोवारी भागवत वाचायला गेला नाही. तरी खिचडीचा पहिला घास गाईला आणि दारात आलेल्या प्रत्येकाला धान, हा जो नेम तो पाळत आणि पाळवत आला, तो त्या श्लोकांत सांगितलेल्या क्रमापासून फार दूर गेलेला नाही.

याच तिथीचे दुसरे नाव बळिप्रतिपदा. विरोचनाचा पुत्र बळी आणि वामन यांची कथा मी इथे पुन्हा सांगत नाही. पण तिच्या जुनेपणाविषयी दोन गोष्टी वाचकांसमोर ठेवाव्याशा वाटतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथात, कंसवध आणि बलिबंध या दोन कथांच्या सादरीकरणाचा उल्लेख शेजारी शेजारी येतो, म्हणजे गोपाळांचा कृष्ण आणि शेतकऱ्यांचा बळी हे दोघे तेव्हाही लोकांपुढे एकत्रच येत होते. दुसरी गोष्ट अल्बेरुनी या परदेशी विद्वानाची. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या भारतवर्णनात त्याने दिवाळीची नोंद केली आहे. लोक या दिवशी स्नान करून सणाचे कपडे घालतात, एकमेकांना विड्याची पाने आणि सुपाऱ्या देतात, आणि कैदेत असलेल्या बळीला लक्ष्मी वर्षातून या एका दिवशी मोकळे करते म्हणून या सणाला बलिराज्य म्हणतात, असे त्याने लिहिले आहे. लक्ष्मी आणि बळी यांना जोडणारा हा धागा आपल्या चौकटीत अमावास्या आणि प्रतिपदा यांच्यामध्ये तुटलेला असतो. पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’मध्ये जोतीराव फुल्यांनी बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुन्हा उभे केले, त्यांच्या हाताशी गावोगावच्या बायका ओवाळताना म्हणत असलेले ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ हे शब्द होतेच. आमच्याकडे आजही ते म्हटले जातात, आणि अवकाळी पावसात कडपा भिजलेल्या वर्षी ते म्हणताना बाईचा आवाज कसा होतो, ते मी ऐकलेले आहे.

गायीगुरांची ही दिवाळी केवळ आमच्या झाडीपट्टीची नाही, असेही नमूद केले पाहिजे. मेळघाटात दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत गुरे राखणारे थाट्या बांधव घुंगरू बांधून बासरीच्या सुरावर नाचतात आणि लोक त्यांना खुशीने पैसे देतात. त्या बाजारांना घुंगरू बाजार असेच नाव पडले आहे. यवतमाळ-वाशीमकडच्या बंजारा तांड्यांवर अमावास्येच्या रात्री मुली हातात दिवा घेऊन घरोघरी ‘मेरा’, म्हणजे दिवाळीची ओवाळणी, मागतात, आणि दुसऱ्या दिवशी रानातली फुले वेचून आणून शेणाच्या गोधनावर वाहतात. दक्षिणेला चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-जिवतीच्या डोंगरात गोंड बांधवांचे घुसाडी म्हणजे सोंग घेतलेले नर्तक मोरपिसांचा टोप घालून दंडारीच्या नाचात नाचतात. या लोकांच्या बोली वेगळ्या, देव वेगळे, आणि त्या सर्वांना एकाच कथेत बसवण्याचा माझा हट्ट नाही. तरी शेण, मोरपीस आणि गुराख्याचा मान या तीन गोष्टी जर विदर्भाच्या दोन्ही टोकांना एकाच आठवड्यात दिसत असतील, तर दिवाळीवरच्या लेखात त्यांना चार ओळी मिळणे हा त्यांचा हक्क आहे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र तेराव्या शतकात आमच्याच विदर्भातल्या रिद्धपूरला लिहिले गेले, आणि दिवाळी त्यातही आहे; तेव्हा मराठी दिवाळीच्या इतिहासात विदर्भाला जागा द्यायची तर ती उपकार म्हणून द्यावी लागणार नाही.

भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, सुरू होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत आणि नागपूर जिल्ह्याच्या काही भागांत प्रत्येक गाव आपली तारीख ठरवते, ती शेजारच्या गावाच्या तारखेवर येणार नाही अशी काळजी घेते, आणि मग महिनाभर पाहुण्यांची ये-जा चालते. लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, दिवसा दंडार आणि खडी गंमत हे लोककलेचे खेळ, रात्री नाटक. ज्या झाडीपट्टी रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तिचा हंगाम या मंडईपासूनच उभा राहतो, आणि देसाईगंज म्हणजे आमच्या वडशातल्या नाट्यमंडळांच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात. नाटकाचे फलक आता मोठे झाले, तिकिटे आली, विजेची रोषणाई आली, याचा मला आनंदच आहे. पण आमच्या गावच्या मंडईत सकाळी ढाल आणून नाचवल्याशिवाय दुकाने मांडली जात नसत. अलीकडे ढाल येते तेव्हा ध्वनिक्षेपकावर नाटकाची जाहिरात चालू असते आणि ती कोणी बंद करीत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसलो ती सांगतो. आमच्या गावच्या आखराच्या निम्म्या जागेवर काही वर्षांपूर्वी एक सभागृह बांधले गेले. उरलेल्या जागेत चुरणीची यंत्रे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि रेतीचे ढीग असतात. गेली तीन वर्षे आमचा गोवर्धन डांबरी रस्त्याच्या कडेला रचला जातो, दोन्ही बाजूंना पोरे उभी राहून मोटारसायकली थांबवतात, आणि गाई डांबरावर पाय घसरतात म्हणून बिचकतात. ज्यांनी सभागृह बांधायला निघालेल्यांना हरकत घ्यायला हवी होती त्यांत मीही होतो आणि मी घेतली नाही, कारण आखर ही कोणाची जागा आहे आणि ती कागदावर कुठे लिहिलेली असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

ते आता ठाऊक झाले आहे, आणि इतर गावांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज अशा दोन दस्तऐवजांची तरतूद आहे. पूर्व विदर्भात मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या सारापद्धतीच्या, काळापासून ही नावे परिचयाची आहेत. गावातील चराई, जळाऊ लाकूड यांसारख्या वहिवाटी निस्तारपत्रकात, तर पाणी, रस्ता, मासेमारी यांसारखे रूढीने चालत आलेले हक्क वाजिब-उल-अर्जात नोंदलेले असतात. गावकऱ्यांनी आपल्या गावचे हे कागद तलाठ्याकडून किंवा तहसिलातून पाहून घ्यावेत, आखराची नोंद कशी आहे ते तपासावे, आणि ती जागा दुसऱ्या कामाला देण्याचा ठराव येईल तेव्हा ग्रामसभेत उभे राहावे. सभागृहाला गावात दुसरी जागा मिळू शकते, पण ढोरे उभी राहण्याची जागा एकदा गेली की ती पुन्हा निघत नाही.

अर्थात नुसती जागा राखून सण राहणार नाही, हे मला कळते. माझ्या लहानपणी आखर भरून ढोरे रस्त्यापर्यंत उभी राहत. आज त्याचा एक कोपराही भरत नाही. नांगरणी ट्रॅक्टरने होते, कापणीला हार्वेस्टर येतो आणि धान बैलांच्या पायांखाली चुरण्याचे दिवस संपले. गायराने आक्रसली, झुडपी जंगलात पूर्वीसारखे चारता येत नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानालगत वाघाच्या हल्ल्यात बळी पडणाऱ्यांत गुराखी असतातच. ज्याला पूर्वी जनावरामागे ठरलेले धान खळ्यावरच मोजून मिळे, त्या गायक्याला आता महिन्याकाठी थोडी रोख मिळते आणि तीही मागून घ्यावी लागते. त्याच्या मुलाने या कामाला नकार दिला तर त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. गोवारी समाजाने आपल्या मागण्यांसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात मोर्चा नेला होता आणि तिथल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मृत्युमुखी पडले. त्या वर्षीची दिवाळी होऊन तेव्हा तीन आठवडेही लोटले नव्हते. गेलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी पाडव्याला पूजलेली ढाल असणार. नागपुरातल्या त्यांच्या स्मारकापुढून आपल्या दैनिकाचे वाचक रोज जातात. त्यांतल्या किती जणांना हे लोक दिवाळीत आमच्या दारात कोणत्या मानाने येतात हे ठाऊक असेल, याचा विचार मनातून जात नाही.

माझी आपल्याला दोन मागण्या करण्याची इच्छा आहे. पुढील वर्षी पाडव्याच्या चौकटीत गायगोधनाचा समावेश करावा, आणि तो मजकूर नागपूरच्या कार्यालयात बसून लिहिण्याऐवजी भंडारा, गोंदिया, गडचिरोली, मेळघाट येथल्या गोवारी, गोंड, थाट्या आणि बंजारा बांधवांकडूनच लिहवून घ्यावा, त्यांच्या बोलीत, त्यांच्या शब्दांत. दुसरे, छायाचित्रकार पाठवायचाच असेल तर त्याला सकाळीच पाठवावे, म्हणजे चुलीवरची खिचडी, तलावावर धुतल्या जाणाऱ्या गाई आणि ओट्यावर मांडलेला पाट हेही त्याच्या कॅमेऱ्यात येईल.

आमच्या गावी ढाल साधारण तीनच्या सुमारास निघते. यंदा आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून आखरावरच्या ट्रॉल्या आणि रेती सणाच्या चार दिवस आधी हलवण्याचे त्यांच्या मालकांकडून कबूल करून घेतले होते. त्यांपैकी दोघांनी शब्द पाळला, एकाने नाही. पुढच्या पाडव्यापर्यंत निस्तारपत्रकाची नक्कल आमच्या हाती असेल आणि गोवर्धन आखराच्या मातीवरच रचला जाईल, असा प्रयत्न आहे. आपल्या वार्ताहराने त्या दिवशी अवश्य यावे. जेवण आमच्याकडे.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी,
तालुका लाखनी, जिल्हा भंडारा